हेलिकॉप्टरचा पायलट व्हायचं आहे? मग अकरावीत गणित सोडू नका



डॉक्टर, इंजिनिअर, एमपीएससी, पोलीस भरती या वाटांबद्दल आपण नेहमीच बोलतो. आज बोलू या सैन्यातल्या हेलिकॉप्टर पायलटबद्दल. त्याचा दिवस कसा जातो, पगार किती, बढती कशी, नोकरीनंतर काय, धोका किती, आणि अमरावती-अकोल्याच्या मुलामुलींना तिथवर पोचायचं असेल तर कोणत्या इयत्तेत काय करावं लागतं, हे सगळं एका जागी सांगायचा प्रयत्न करतो.

हा विषय मुलांनीच काढला. मोबाईलवर त्यांनी ऑस्प्रे नावाच्या अमेरिकी विमानाचा व्हिडिओ पाहिला. या विमानाच्या दोन्ही पंखांच्या टोकांना मोठमोठे पंखे असतात. ते आकाशाकडे तोंड करून फिरले की विमान हेलिकॉप्टरसारखं जागच्या जागी वर उठतं. मग तेच पंखे हळूहळू पुढे कलतात आणि ते साध्या विमानासारखं वेगानं निघून जातं. इंग्रजीत याला टिल्ट-रोटर म्हणतात. व्ही-२२ ऑस्प्रेचं पहिलं उड्डाण १९८९ मध्ये झालं आणि २००७ पासून ते अमेरिकी मरीन दलाच्या कामात आहे. जपानकडेही ती विमानं आहेत. "सर, हे आपल्याकडे आहे का? हे चालवायचं तर काय शिकावं लागते?" असा पोरांचा प्रश्न.

भारताकडे टिल्ट-रोटर नाही. धावपट्टी नसलेल्या जागी उतरायचं, माणसं उचलायची, सामान पोचवायचं, हे काम आपल्याकडे हेलिकॉप्टर करतं. त्यामुळे त्या प्रश्नाचं खरं उत्तर आपल्या हेलिकॉप्टर पायलटकडे जातं. आणि ते उत्तर देताना मला सगळ्यात जास्त वेळ एकाच मुद्द्यावर घालवावा लागला. या नोकरीची दारं मुलांच्या नकळत बंद होतात, आणि बऱ्याचदा ती आपल्याच घरात, अकरावीचा फॉर्म भरताना बंद होतात.

आपल्या भागाला हेलिकॉप्टर तितकं परकं नाही

आपल्याकडे हेलिकॉप्टर म्हटलं की निवडणुकीची सभा आठवते. शाळेच्या मैदानावर चुन्यानं गोल आखायचा, मधात इंग्रजी एच काढायचा, टँकरनं पाणी मारायचं, आणि तरी धूळ उडायची ती उडतेच. पोट्टे नेत्याकडे कमी आणि पंख्याकडे जास्त पाहतात.

पण याच्या पलीकडेही हेलिकॉप्टर आपल्या विदर्भात येतं. जुलै २०२३ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्यावर माणसं पुरात अडकली, तेव्हा हवाई दलाच्या हेलिकॉप्टरची मदत मागवली होती. गडचिरोलीत निवडणूक आली की दुर्गम केंद्रांवर मतदान पथकं हवाई दलाच्या एमआय-१७ हेलिकॉप्टरनं नेतात. या पथकांत कोण असतं, ते तुम्हाला सांगायला नको. आपल्यासारखे शिक्षकच असतात!

नागपूरला तर हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आहे. नागपुरात जन्मलेले प्रदीप नाईक २००९ ते २०११ या काळात हवाई दलप्रमुख होते. आपल्या प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती असताना, वयाच्या ७४ व्या वर्षी, २५ नोव्हेंबर २००९ रोजी पुण्याच्या लोहगाव तळावरून सुखोई विमानात बसून उडाल्या होत्या. आणि १६ एप्रिल २०२५ पासून अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची प्रवासी सेवा सुरू झाली. अकोल्याचं शिवणी विमानतळ अजून धावपट्टी वाढण्याची वाट पाहतंय, पण आकाश आपल्यापासून फार दूर आहे अशातला भाग नाही.

तरीही पालकसभेत हा विषय काढला की ठरलेलं वाक्य ऐकू येतं. "सर, आमच्या खानदानात कोनी गेलं नाई तिकडे. आमाले काय मायती?" या वाक्यात कमीपणा काहीच नाही. माहिती नसते, कारण ती सांगणारं कोणी भेटत नाही. म्हणून आपण शिक्षकांनी तरी ती सांगायला हवी.

पायलटचा दिवस कसा असतो?

सिनेमात पायलट गॉगल लावून धावत येतो आणि थेट उडतो. खरा दिवस बराच शांत आणि शिस्तीचा असतो.

सकाळ लवकर सुरू होते. आधी हवामानाची माहिती मिळते: वारा कुठून, ढग किती उंचीवर, किती दूरचं दिसतंय. मग उड्डाणाचं ब्रीफिंग होतं. कुठे जायचं, किती वजन घ्यायचं, किती इंधन लागेल, हवा बिघडली तर कुठे उतरायचं, इंजिन बंद पडलं तर कोणी काय करायचं, हे सगळं जमिनीवरच बोलून घेतात. पायलटची झोप नीट झाली का, तब्येत बरी आहे का, हेही पाहिलं जातं. साधी सर्दी असली तरी उडायची परवानगी मिळेलच असं नाही, कारण उंचीवर कानांवर दाब येतो.

त्यानंतर पायलट हेलिकॉप्टरभोवती फिरून ते स्वतः तपासतो. तंत्रज्ञांनी आधी तपासलेलं असतं, तरी तो पुन्हा पाहतो. मग उड्डाण. ते कधी तासाभराचं असतं, कधी त्याहून जास्त. उतरल्यावर पुन्हा बैठक: काय बरोबर झालं, काय चुकलं. वयानं आणि हुद्द्यानं लहान असलेल्यालाही इथे चूक दाखवता येते. उरलेला दिवस सिम्युलेटर, तांत्रिक अभ्यास, परीक्षा, कार्यालयीन कागदपत्रं आणि व्यायाम यात जातो. आठवड्यात काही वेळा रात्रीची उड्डाणं असतात. एखादा पायलट तयारीत बसलेला असतो. कुठे जवान जखमी झाला, पूर आला, की त्याला निघावं लागतं.

हेलिकॉप्टर चालवताना दोन्ही हात आणि दोन्ही पाय एकाच वेळी कामात असतात. डाव्या हातातल्या दांड्यानं वर-खाली, उजव्या हातातल्या दांड्यानं पुढे-मागे-बाजूला, आणि पायांतल्या पॅडलनं नाक डावीकडे-उजवीकडे. एक हलवलं की बाकीचे दोन सांभाळावे लागतात. म्हणूनच हेलिकॉप्टर हवेत एका जागी स्थिर ठेवणं नवशिक्याला सगळ्यात अवघड जातं.

कुटुंबाची बाजूही सांगायला हवी. दोन-तीन वर्षांनी बदली होते. काही ठिकाणी कुटुंब सोबत नेता येत नाही. दिवाळीला घरी येणं होईलच असं नाही. दुसऱ्या बाजूला सरकारी निवास, दवाखाना, मुलांसाठी केंद्रीय विद्यालयं आणि सैन्याच्या शाळा, आणि एकमेकांना धरून राहणारा शेजार मिळतो.

आपल्या उन्हाळ्यातलं विज्ञान

विज्ञान शिक्षकांसाठी इथे एक छान पाठ आहे. हेलिकॉप्टरचं पातं हवा खाली ढकलतं, म्हणून हेलिकॉप्टर वर राहतं. हवा जितकी दाट, तितकं काम सोपं. हवा तापली की पसरते, विरळ होते. दाब तोच धरला तर १५ अंश सेल्सिअसच्या मानानं ४५ अंशांना हवा साधारण नऊ टक्क्यांनी विरळ होते. हे मुलांकडून फळ्यावर करून घ्या: २८८ भागिले ३१८. म्हणजे अकोल्याच्या मे महिन्यातल्या दुपारी हेलिकॉप्टरला जानेवारीच्या सकाळपेक्षा कमी वजन उचलता येतं. आपलं ऊन पायलटच्या हिशेबात असं येतं.

उंचीवर हाच प्रश्न कितीतरी मोठा होतो. १९८४ मध्ये ऑपरेशन मेघदूत झालं, तेव्हापासून सियाचीनच्या चौक्यांना हेलिकॉप्टरचा आधार आहे. तिथे आपलं छोटं चीता हेलिकॉप्टर जातं. ते ज्या फ्रेंच लामा हेलिकॉप्टरवरून बनलं, त्यानं १९७२ मध्ये १२,४४२ मीटर उंचीचा विक्रम केला होता. एवढं दणकट यंत्र, तरी वरच्या चौक्यांवर जाताना किलोकिलोचा हिशेब करावा लागतो. दिवस तापायच्या आत, सकाळी लवकर फेऱ्या आटपाव्या लागतात. रॉकेलचा कॅन, औषधं, पत्रं वर जातात आणि आजारी जवान खाली येतो. ही मदत पोचते की नाही, ते बऱ्याच अंशी त्या सकाळच्या गणितावर ठरतं.

दुसरा प्रयोग त्याहून सोपा. कागदाची पट्टी अर्धी चिरून दोन पाती करा, खाली टाचणी लावा आणि वरून सोडा. कागद भिरभिरत हळू खाली येतो. हेलिकॉप्टरचं इंजिन बंद पडलं तर पायलट हेच करतो. पात्यांचा कोन लगेच कमी करतो, खालून येणाऱ्या हवेनं पाती फिरत ठेवतो आणि जमिनीजवळ आल्यावर तोच फिरण्याचा जोर वापरून वेग मोडतो. याचा सराव प्रत्येक हेलिकॉप्टर पायलटला करावा लागतो. इंजिन बंद पडलं की हेलिकॉप्टर दगडासारखं पडतं, असं मुलांना वाटतं. हा कागद दाखवला की गैरसमज जातो.

वाटा कोणत्या?

हेलिकॉप्टर पायलट तिन्ही दलांत आहेत.

हवाई दलात निवड झालेले उमेदवार हैदराबादजवळ दुंडिगलच्या वायुसेना अकादमीत जातात. सुरुवातीचं प्रशिक्षण छोट्या विमानावर होतं. पुढे गुणवत्ता आणि गरज पाहून लढाऊ, मालवाहू आणि हेलिकॉप्टर असे गट पडतात. हेलिकॉप्टरवाल्यांचं शिक्षण हैदराबादच्याच हकीमपेट तळावर होतं. पुढे एमआय-१७, ध्रुव, चिनूक, अपाचे, प्रचंड अशी यंत्रं.

लष्कराचं स्वतःचं हवाई दळ आहे, आर्मी एव्हिएशन कोअर. त्याची स्थापना १ नोव्हेंबर १९८६ ची. आणि त्यांची प्रशिक्षण शाळा आपल्याच महाराष्ट्रात, नाशिकला आहे. लष्करी अधिकारी तिथे उडायला शिकतात आणि छातीवर पंखांचं चिन्ह लावून बाहेर पडतात. ही गोष्ट आपल्या भागात फार थोड्या पालकांना ठाऊक आहे.

नौदलाचे हेलिकॉप्टर पायलट जहाजाच्या छोट्याशा डेकवर उतरतात, तेही डेक लाटांवर हलत असताना. मुंबईत कुलाब्याला नौदलाचा आयएनएस शिक्रा हा हेलिकॉप्टर तळ आहे.

आता इयत्तेप्रमाणे पाहू.

पाचवी ते आठवी: सैनिक स्कूलची प्रवेश परीक्षा सहावी आणि नववीच्या प्रवेशासाठी होते. सातारचं सैनिक स्कूल १९६१ चं. आपल्या विदर्भात चंद्रपूरला २०१९ मध्ये सुरू झालं. सहावीची परीक्षा मराठीतून देता येते. आठवीच्या प्रवेशासाठी डेहराडूनचं राष्ट्रीय इंडियन मिलिटरी कॉलेज आहे. नावात 'सैनिकी' असलेल्या राज्य मंडळाच्या शाळा आपल्याकडे बऱ्याच आहेत. त्या वेगळ्या आणि ही सैनिक स्कूलं वेगळी, हे पालकांना नीट सांगा.

दहावी: छत्रपती संभाजीनगरला राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व संस्था आहे, तिला सगळे एसपीआय म्हणतात. १९७७ पासून ती महाराष्ट्रातल्या मुलांना अकरावी-बारावीसोबत एनडीएची तयारी करून देते. मुलींसाठी अशीच संस्था २०२३ पासून नाशिकला सुरू झाली आहे. अर्ज दहावीत असतानाच करायचा असतो. निकाल लागल्यावर चौकशीला गेलं तर वेळ निघून गेलेली असते.

अकरावी-बारावी: एनडीएची परीक्षा वर्षातून दोनदा यूपीएससी घेते. वयाची अट साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस. गणिताला ३०० गुण, सामान्य क्षमता चाचणीला ६०० आणि नंतरच्या पाच दिवसांच्या मुलाखतीला ९००. प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते. एका परीक्षेला सगळ्या दलांच्या मिळून चारशेच्या आसपास जागा निघतात, हवाई दलाच्या फ्लाइंगसाठी त्यातल्या नव्वदच्या आसपास. परीक्षेला नागपूर केंद्र आहे.

पदवीनंतर: एनडीए झालं नाही म्हणजे संपलं नाही. हवाई दलाची एएफकॅट परीक्षा आहे, सीडीएस आहे, एनसीसीच्या एअर विंगचं 'सी' प्रमाणपत्र असेल तर वेगळा प्रवेश आहे. एएफकॅटमधून फ्लाइंगला जायचं तर वय २० ते २४, कोणत्याही शाखेची पदवी ६० टक्क्यांनी. पण बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र, दोन्हींत किमान ५० टक्के हवेत.

हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. पदवी कोणतीही चालते, पण बारावीचं गणित लागतंच.

आपल्याकडे काय होतं? दहावीत चांगले गुण पडले की "डॉक्टर करू" म्हणून पोरीला जीवशास्त्र घेऊन देतात. गणित अवघड जातं, टक्केवारी खाली येईल, म्हणून ते सोडतात. आपल्या राज्य मंडळात विज्ञान शाखेला गणित सोडता येतं, त्यामुळे कोणी अडवतही नाही. पुढे नीटचा गुण कमी पडतो, पोरगी बी.एस्सी.ला जाते, कॉलेजात एनसीसीत तिला ही वाट कळते. तोवर ती वाट तिच्यासाठी बंद झालेली असते. तिनं काहीच चुकीचं केलेलं नसतं. पंधराव्या वर्षी तिला कोणी सांगितलेलं नसतं, इतकंच. ज्या मुलांचं अजून ठरलं नाही, त्यांनी गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवावं. अभ्यास वाढतो, पण दारं उघडी राहतात.

आणखी एक. पहाटे आपल्या रस्त्यांवर किती पोरं भरतीसाठी धावतात, पाहिलं असेल तुम्ही. बडनेरा रोड असो की अकोल्याचा बायपास. ही पोरं मेहनती आहेत, पण त्यांच्या डोक्यात सैन्य म्हणजे सोळाशे मीटर आणि पोलीस भरतीचा गोळा. अधिकारी होण्यासाठी वेगळी परीक्षा असते, हे त्यांच्यातल्या अनेकांना वयाची अट निघून गेल्यावर कळतं. त्यांच्यातलं गणिताचं बरं डोकं नववीतच ओळखता आलं तर ते आपणच ओळखू शकतो.

डोळे, उंची आणि एकच संधी

फ्लाइंग शाखेची वैद्यकीय तपासणी कडक असते. उंची साधारणपणे किमान १६२.५ सेंटीमीटर. पायांची आणि बसलेली उंचीही मोजतात, कारण कॉकपिटमध्ये माणूस बसला पाहिजे. एनडीएतून फ्लाइंगला जायचं तर दूरचं अंधुक दिसणाऱ्या चष्म्याला जवळजवळ जागा नाही. रंगांची ओळख चांगली लागते. रंग न ओळखण्याचा दोष असलेल्या मुलाला स्वतःलाही तो माहीत नसतो. आठवीतच डोळ्यांच्या डॉक्टरकडे रंगदृष्टीची साधी तपासणी करून घ्या. दोष निघाला तर मूल सैन्यातल्या दुसऱ्या शाखांकडे वेळेत वळू शकतं. कोणतीही अट पक्की धरण्याआधी त्या वर्षीची जाहिरात मात्र वाचा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. पायलटसाठी संगणकावर एक क्षमता चाचणी होते, सीपीएसएस. हात, डोळे आणि मन एकत्र कसं चालतं, ते त्यात पाहतात. ही चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. तिच्यात नापास झालेला उमेदवार सैन्यात इतर शाखांत अधिकारी होऊ शकतो, पायलट नाही. "पाहू तर खरं, अनुभव येईल" म्हणून अर्धवट तयारीनं तिथे जाऊ नये.

मुलींसाठी

"पोरीच्या जातीले हे जमते का?" हा प्रश्न अजून ऐकू येतो. हवाई दलात १९९४ पासून मुली हेलिकॉप्टर आणि मालवाहू विमानं उडवत आहेत. २५ मे २०२२ रोजी नाशिकच्या शाळेतून कॅप्टन अभिलाषा बराक लष्कराच्या हवाई कोअरच्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक म्हणून बाहेर पडल्या. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर एनडीए मुलींना खुली झाली आणि ३० मे २०२५ रोजी खडकवासल्यातून पहिल्या १७ मुली उत्तीर्ण होऊन निघाल्या. यापुढे हा प्रश्न 'जमतं का' असा राहत नाही. आपल्या पोरीला गणित आणि माहिती वेळेवर मिळाली का, एवढंच पाहायचं.

पगार आणि पुढचं आयुष्य

सातव्या वेतन आयोगाप्रमाणे अधिकाऱ्याचं मूळ वेतन ५६,१०० रुपयांपासून सुरू होतं. त्यावर सैनिकी सेवा वेतन १५,५०० आणि उड्डाण भत्ता २५,००० रुपये, शिवाय महागाई भत्ता. म्हणजे महागाई भत्ता सोडूनच महिन्याला ९६,६०० रुपये. एनडीएच्या शिक्षणाचा मोठा खर्च सरकार उचलतं. खासगी पायलट लायसन्ससाठी लाखो रुपये लागतात. इथे शेतकऱ्याच्या पोराला वावर विकावं लागत नाही.

बढत्या विंग कमांडरपर्यंत ठरलेल्या सेवेनंतर मिळतात: २, ६ आणि १३ वर्षांनी. त्यापुढे निवड होते आणि जागा कमी होत जातात. हेलिकॉप्टरवाला वरपर्यंत जात नाही, असा समज होता. २००७ मध्ये फली होमी मेजर हवाई दलप्रमुख झाले. त्या पदावर पोचलेले ते पहिले हेलिकॉप्टर पायलट.

एक फरक पालकांनी नीट समजून घ्यावा. एनडीएतून कायम कमिशन मिळतं. एएफकॅटमधून फ्लाइंगला गेल्यास सेवा १४ वर्षांची, आणि तिला पेन्शन नाही. म्हणजे पस्तिशी-चाळिशीच्या दरम्यान दुसरी सुरुवात करावी लागते. नागरी क्षेत्रात हेलिकॉप्टर पायलटला काम आहे: मुंबईजवळ समुद्रातल्या तेलविहिरींवर ने-आण, केदारनाथची यात्रा, राज्य सरकारांची हेलिकॉप्टरं, रुग्णसेवा. पण त्यासाठी नागरी परवाना काढावा लागतो. प्रवासी विमान कंपनीत जायचं असेल तर विमानाचा परवाना वेगळा लागतो. नोकरीच्या शेवटच्या दोन वर्षांत नव्हे, आधीपासून त्याची तयारी करावी लागते.

"मरायले पाठवू का पोराले?"

हा प्रश्न आई विचारते, आणि तो टाळू नये.

२७ फेब्रुवारी २०१९ रोजी काश्मीरमध्ये बडगामला एमआय-१७ कोसळलं. त्यात नाशिकचे पायलट स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे गेले. हवाई दलाचे सहा जण आणि एक नागरिक गेला. ते हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्रानं पडलं, ही मोठी चूक होती, असं हवाई दलप्रमुखांनी त्याच वर्षी जाहीरपणे मान्य केलं. जून २०१३ मध्ये केदारनाथच्या पुरात लोकांना वाचवताना एक एमआय-१७ पडलं, २० जण गेले. चीता-चेतक ही यंत्रं जुनी झाली आहेत आणि त्यांच्या बदली नवी यायला उशीर होतो आहे. व्हिडिओतलं ते ऑस्प्रेही सुरक्षित नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये जपानच्या याकुशिमा बेटाजवळ ते समुद्रात कोसळून आठ जण गेले. हे मुलांपासून आणि पालकांपासून लपवून त्यांना या वाटेला लावणं बरोबर नाही. ब्रीफिंग, तपासणी, सराव यांत दिवसाचे इतके तास का जातात, ते या घटना वाचल्यावर कळतं. धोका त्यामुळे कमी होतो, संपत नाही. हे सगळं ऐकून आई-बाप 'नाही' म्हणाले तर तेही समजून घ्यावं. निर्णय त्यांचा आणि मुलाचा. माहिती पूर्ण देणं आपलं काम.

८ डिसेंबर २०२१ ला कुन्नूरजवळ जनरल बिपीन रावत यांना नेणारं हेलिकॉप्टर पडलं. त्यातले ग्रुप कॅप्टन वरुण सिंग आठवडाभर झुंजून गेले. ते तेजस या लढाऊ विमानाचे पायलट. त्याच वर्षी शौर्यचक्र मिळाल्यावर त्यांनी आपल्या जुन्या शाळेच्या प्राचार्यांना विद्यार्थ्यांसाठी एक पत्र लिहिलं होतं. आपण शाळेत साधारण विद्यार्थी होतो, साधारण असण्यात वाईट काही नाही, पण ज्यात मन लागतं ते शोधा आणि त्यात जीव ओता, असा त्याचा आशय. मधल्या बाकावर बसणाऱ्या मुलांना ते पत्र जरूर सांगा.

शाळेत आणि घरी काय करता येईल?

- आठवीत एकदा डोळे, रंगदृष्टी आणि उंचीची नोंद करा.
- नववीत एनडीए, एसपीआय, सैनिक स्कूल यांची माहिती एका तासात द्या. मुलींना मुद्दाम समोर बसवा.
- दहावीच्या मुलांसाठी अर्जांच्या तारखा सूचना फलकावर लावा.
- इंग्रजी रोज वीस मिनिटं मोठ्यानं वाचून घ्या. मराठी माध्यमाची पोरं मुलाखतीत विचारानं कमी पडत नाहीत, बोलताना अडखळतात.
- मैदानावर सांघिक खेळ खेळू द्या. त्या पाच दिवसांत चार अनोळखी पोरांना सोबत घेऊन काम करता येतं का, हेच पाहतात.

शंभरातून एखादंच मूल या वाटेनं जाईल, आणि तेही शेवटपर्यंत पोचेलच असं नाही. पण बाकीच्या नव्याण्णवांचं नुकसान होत नाही. त्यांचं गणित सुधारतं, तब्येत सुधारते, बोलणं सुधारतं. तेव्हा यंदा अकरावीच्या फॉर्मवर विषय लिहिण्याआधी पोराला किंवा पोरीला एकदा शेजारी बसवा आणि विचारा, "गणित का सोडतेस बाप्पा?" उत्तर नीट ऐकून मगच सही करा.